रेमीच्या उंचीची मेणबत्ती

“मधे उठायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. आणि मेणबत्ती पेटेपर्यंत मागे वळून तर अजिबात बघायचं नाही. नवस फुटतो, बाय.”

हे सांगताना कोन्सूमावशीच्या दातांत दोरा होता. ओटीवर पाय पसरून ती आपल्या जुन्या लाल लुगड्याच्या घड्या घालून माझ्या गुडघ्यांसाठी दोन जाड पट्ट्या शिवत होती. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण पहाटेच्या मिस्सेला चर्चमध्ये जाऊन मी बाकाशी गुडघे टेकते, तेव्हा पहिल्या नमो मारियाच्या आधी तिचा तो आवाज येतोच. त्याला मी काही करू शकत नाही.

“मावशी, पण तू मागितलंयस काय फातिमा मातेकडे?”

“सांगितलं तर फुटतं. मागणं माझं, गुडघे तुझे. माझे गुडघे वाडीला पाणी घालून संपले. नाही तर तुला कशाला त्रास दिला असता?”

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मावशी ती म्हणायची, नात्याची नव्हे; रेमी तिचा एकुलता एक मुलगा, आणि नाताळ झाल्यावर, उपासकाळ लागायच्या आधी, माझं त्याच्याशी लग्न व्हायचं होतं. आमच्यात दुसऱ्याचा नवस आपल्या अंगानं फेडता येतो. फेडणाऱ्याला मागणं ठाऊक असायची गरज नसते. आईनं मुलासाठी या दिवसांत आणखी काय मागितलं असणार, असं मनात म्हणून मी लाजलेसुद्धा.

“आणि तिथल्या झऱ्याचं पाणी आण माझ्या गुडघ्यांना लावायला. विसरशील.”

“नाही विसरणार.”

“तिथे गेल्यावर सगळ्या पोरी बाजारात हिंडतात.”

“आणते म्हटलं ना मावशी. शब्द दिला.”

मग तिनं दोरा तोडला आणि पट्ट्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, युवा संघटनेची ती पोर्तुगालची तीर्थयात्रा. वसईची बसभर पोरं, आणि सगळ्यांना सांभाळायला फादर इग्नी. तिकडे दुकानांच्या पाट्यांवर आमचीच आडनावं. ती वाचून पोरांना ऊत यायचा. “ए प्रिस्का लोपीस, तुझा काका इथे मटण विकतो बघ!” असं बसच्या मागच्या बाकावरून रेमी ओरडायचा आणि सगळी बस हसायची. मी पुढे बसायचे, मुलींच्या बाजूला. लग्न ठरलेलं असलं तरी फादरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, की यात्रेत तुम्ही फक्त यात्रेकरू.

शेवटच्या दिवशी सकाळी फातिमा गावातल्या हॉटेलात फादरांनी सगळ्यांचे पासपोर्ट परत दिले. देवळातली मिस्सा, मग दुपारपर्यंत मोकळा वेळ, मग बस थेट लिस्बनच्या विमानतळावर. बॅगा बसच्या पोटात आधीच गेल्या होत्या.

“ऐका,” फादर म्हणाले. “व्हिसा माझ्या सहीवर मिळालाय. जेवढी डोकी नेतो तेवढी परत आणतो, असं लिहून दिलंय मी. संध्याकाळी मला सगळी डोकी विमानतळावर पाहिजेत.”

“ग्लेनचं मोजू नका फादर, ते रिकामं आहे,” डेल्सी म्हणाली.

ग्लेन आमच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याच्या गळ्यात कायम कॅमेरा, आणि नाकावर कायम राग. डेल्सी माझी बालमैत्रीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हॉटेलात रोज रात्री माझ्याबरोबर रोझरी म्हणायला तीच एकटी जागी राहायची.

मिस्सा झाल्यावर रेमी आणि मी मेणबत्तीच्या दुकानात गेलो. आपल्या मोतमावलीच्या जत्रेत मिळतात तसे नवसाचे मेणाचे हात, पाय, बाळं, डोकी तिथेही टांगलेली होती. कोपऱ्यात माणसाच्या उंचीच्या बारीक मेणबत्त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मावशीनं बजावलं होतं, मेणबत्ती रेमीच्या उंचीचीच हवी.

रेमी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. “घे माप. टाच उचललेली नाही बघ, देवाची फसवणूक नको.”

“केस खाली दाब.”

“केसांचं मेण वेगळं लागेल काय?”

दुकानातली बाई आमची भाषा न कळताही हसत होती. तिनं एक मेणबत्ती त्याच्या शेजारी उभी केली. ती त्याच्या कानापर्यंतच आली. दुसरी डोक्यावर गेली.

“मोठीच घे,” मी म्हणाले. “तू अजून वाढशील.”

“आता आडवाच वाढेन. तुझ्या हातचे फुगे-इंद्याल खाऊन.” असं म्हणून तो हसला, आणि मग जरा वेळ त्या मेणबत्तीकडेच बघत राहिला. “प्रिसू, तुला किती वेळ लागेल गं, वरून खालपर्यंत?”

“कोण जाणे. पाऊण तास. तासभर.”

“हळू जा. देवाच्या दारात घाई कशाची?”

मला ते इतकं गोड वाटलं होतं.

फातिमाचं पटांगण आपल्या गावच्या जत्रेच्या मैदानासारखं नाही. ते एवढं मोठं, एवढं उघडं आहे, की माणूस त्यात मुंगी होतो. वरच्या टोकापासून खाली, माता दिसली त्या जागेच्या छोट्या चॅपेलपर्यंत, गुळगुळीत दगडाचा एक पांढरा पट्टा उतरत जातो. नवसाचे लोक त्यावरून गुडघ्यांनी जातात. बरोबरचं माणूस शेजारून चालतं, हात देतं, पाण्याची बाटली धरतं, चपला सांभाळतं.

मी पट्ट्या बांधल्या. चपला काढल्या. रेमीनं त्या वाकून उचलल्या, एकावर एक ठेवल्या आणि काखेत धरल्या.

“नवऱ्याला आतापासून चपला उचलायला लावल्या,” डेल्सी म्हणाली. “शिकण्यासारखी आहेस.”

“मी शेजारीच आहे,” रेमी म्हणाला. “मागे बघू नकोस फक्त. मम्मीनं काय सांगितलंय ठाऊक आहे ना?”

मी मान हलवली, कारण बोलायचं नव्हतं. मेणबत्ती खांद्यावर घेतली, हातात जपमाळ धरली आणि गुडघे टेकले.

सुरुवातीला सोपं असतं. दगड गार वाटतो. मुली दोन्ही बाजूंनी चालत होत्या, ग्लेन पुढे उलटा चालत कॅमेरा धरून होता. “प्रिस्का, जरा वर बघ. हां, तशीच.” शेजारून रेमीच्या बुटांचा आवाज येत होता. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटत आला होता, त्यामुळे एक पाऊल नीट आणि एक पाऊल चपक् असं वाजायचं. त्या आवाजावर मी नमो मारियाची लय धरली.

मग ऊन चढलं. पट्टी घसरून पोटरीवर आली. ती वर घ्यायची तर थांबावं लागलं असतं, आणि थांबण्याबद्दल मावशीनं काही सांगितलं नव्हतं. पण मला वाटलं, नको. माझ्या पुढे एक म्हातारा आपल्या मुलीच्या खांद्याला धरून सरकत होता. तो दर थोड्या वेळानं कण्हायचा आणि मुलगी त्याच्या कानात काहीतरी सांगायची. मेणबत्ती उन्हानं मऊ झाली, तिचं पुढचं टोक हळूहळू खाली वाकलं. मी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

नंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की ते चपक् वाजत नाहीये.

गर्दी वाढली होती. मला वाटलं, मागे राहिला असेल. माझ्यासाठी वाट मोकळी करत असेल. मान वळवायचा मोह झाला. खरं सांगायचं तर मोह नव्हता, मानच आपोआप वळत होती. मी डोळे मिटले. म्हटलं, एवढं आलीस, आता कोन्सूमावशीचं मागणं फोडू नकोस. तिच्या मागण्यासाठी मी माझीही एक रोझरी घातली. तिनं जे काही मागितलंय ते तिला दे, माते, असं मी प्रत्येक दशकाच्या, म्हणजे दर दहा मण्यांच्या, शेवटी म्हटलं. मनापासून म्हटलं.

चॅपेलला गुडघ्यांनी वळसा घातला, तेव्हा बाजूच्या दोन मुली रडत होत्या. डेल्सीनं मला बगलेत धरून उभं केलं. पण मेणबत्ती राहिली होती. चॅपेलच्या बाजूला मेणबत्त्या वाहायची जागा आहे. तिथे ज्योती वेगळ्या दिसतच नाहीत, सगळी मिळून एक आग असते, आणि तिचा भट्टीसारखा आवाज येत असतो. मी मेणबत्ती पेटवली आणि लोखंडी कड्यात उभी केली. ती काही क्षण सरळ उभी राहिली. मग शेजारच्या धगीनं कमरेत वाकली, आणखी वाकली, आणि तिचं डोकं आगीत गेलं.

तेव्हा मी मागे वळले.

काळे कपडे घातलेली एक पोर्तुगीज म्हातारी माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातांत माझ्या चपला होत्या. एकावर एक ठेवलेल्या. ती काहीतरी बोलली, हसली, आणि पटांगणाच्या पार वरच्या टोकाकडे, रस्त्याकडे बोट केलं. मग हातानंच दाखवलं: उंच मुलगा. माझ्या गालावर थोपटून ती निघून गेली.

“शौचालयात गेला असेल,” डेल्सी म्हणाली.

“असेल,” मी म्हणाले.

बसपाशी सगळे जमले तरी रेमी आला नाही. ग्लेन दोन मुलांना घेऊन देवळात, दुकानांत, हॉटेलात बघून आला. फादरांनी माहितीकेंद्रातून त्याचं नाव पुकारायला लावलं. एवढ्या मोठ्या पटांगणावर रेमिजियस फर्गोज, रेमिजियस फर्गोज असं घुमलं, आणि कुणीच वळून बघितलं नाही. तिथे त्या आडनावाचे शेकडो असतील.

मग ड्रायव्हरनं हातवारे करून सांगितलं, की त्या उंच मुलानं मघाशी जाकीट काढायचंय म्हणून बसचं पोट उघडायला लावलं होतं. ग्लेननं वाकून बघितलं. सगळ्यांच्या बॅगा होत्या. रेमीची नव्हती.

मी बसच्या सावलीत उभी होते. गुडघ्यातून रक्त येऊन पट्टी चिकटली होती, आणि ती आता सोडवावी की नाही, असला काहीतरी फालतू विचार माझ्या डोक्यात चालला होता.

“व्वा,” ग्लेन म्हणाला. “व्वा प्रिस्का. सगळे तुझे फोटो काढत बसले आणि त्याला मोकळं रान. छान बसवलंत दोघांनी.”

“ग्लेन, तोंड आवर,” डेल्सी म्हणाली.

“का आवरू? पुढच्या वर्षी आपल्या गावच्या एका तरी पोराला व्हिसा मिळेल काय? फादरांना कागद घेऊन कुठे कुठे उभं राहावं लागेल, ठाऊक आहे? आणि ही? ही सहा महिन्यांनी जाईल त्याच्यामागे. तेव्हा बघ.”

“तिचे गुडघे बघ आधी.”

“बघितले. फोटोसुद्धा काढलेत. तेच तर सांगतोय. तासभर आम्ही सगळे तिचे गुडघेच बघत होतो.”

इतर मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि मग बघायचं थांबवलं. मघाशी रडणाऱ्या दोघी बसमध्ये जाऊन बसल्या.

फादरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा एका तासात उतरला होता. “बाळ, मी तुला लहानपणापासून ओळखतो. मला फक्त खरं सांग. तुला माहीत होतं?”

“नाही फादर.”

“काहीच बोलला नाही तो?”

“हळू जा, म्हणाला.”

त्यांनी मान हलवली. “ठीक आहे. माझा विश्वास आहे,” ते म्हणाले, पण म्हणताना ते माझ्या खांद्यावरून पलीकडे, ग्लेनकडे बघत होते. मला कळलं की घरी पोचल्यावर हे असंच असणार. मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर, विहिरीवर, मयताच्या घरी. लग्न गेलं ते गेलंच. वर मी त्याच्या पळून जाण्यातली भागीदार.

“त्याच्या आईला कळवायला हवं,” फादर म्हणाले. “एकटी बाई आहे. तू जवळ बस. तिला धक्का बसेल, मग तू बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती.”

आम्ही बसमध्ये गेलो. पुढच्या बाकावर फादर, शेजारी मी. इंजिन चालू होतं, मागे कुजबुज चालू होती. नीट ऐकू यावं म्हणून फादरांनी मोबाइलचा स्पीकर लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ असणार. घंटा एकदाच वाजली आणि फोन उचलला गेला. फोनच्या शेजारीच बसून असल्यासारखा.

“हॅलो, कोन्सूबाय. मी फादर इग्नी.”

“हां फादर.”

“फातिमावरून बोलतोय. जरा बसून घे. घाबरायचं नाही. रेमी आम्हाला सापडत नाहीये.”

मी मोबाइलकडे वाकले. मावशी, मी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

“फादर,” कोन्सूमावशी म्हणाली, “पोरगी शेवटपर्यंत गेली ना? मधे उठली नाही ना?”

फादरांना आधी समजलंच नाही. “कोण?”

“प्रिस्का हो. मेणबत्ती पेटली ना नीट?”

मागची कुजबुज थांबली. फादरांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं.

“पेटली,” ते म्हणाले.

“उपकार मावलीचे.” तिनं मोठा श्वास सोडला. “झालं मग. होईल सगळं सुरळीत पोराचं.”

“कोन्सूबाय, तुला ठाऊक होतं?” फादरांचा आवाज चढला नाही, बसला. “मी सही दिली होती.”

“तुमच्यावर काही येणार नाही फादर. मी रोज रोझरी म्हणेन तुमच्यासाठी. इथे काय होतं त्याला? वाडीत केळी लावून बापानं काय मिळवलं? तिथे निदान माणसात येईल.”

“आणि प्रिस्का? तिचं काय?”

तिच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मी त्याच्याखाली किती वेळा बसले होते.

“ती देवभिरू पोर आहे फादर,” कोन्सूमावशी म्हणाली. “तिला देव सांभाळेल.” आणि मग, आपण दळण आणायला सांगतो ना, त्या आवाजात: “तिला एवढं सांगा, पाणी आणायला विसरू नको म्हणावं. पाऊसपाण्याचे गुडघे फार धरतात.”

फोन ठेवला गेला. माझ्या मागच्या बाकावर ग्लेननं गळ्यातला कॅमेरा काढला आणि मांडीवर पालथा ठेवला. तो काहीतरी म्हणणार होता, पण डेल्सीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं खिडकीबाहेर तोंड वळवलं.

“प्रिस्का,” फादर म्हणाले. “बाळ, मला माफ...”

“असू दे फादर.”

मी पर्समध्ये हात घातला. पहिल्याच दिवशी घेतलेली ती प्लॅस्टिकची बाटली आत होती, मातेच्या आकाराची. डोक्यावरचा निळा मुकुट म्हणजे तिचं झाकण. सकाळपासून नवसाच्या नादात ती भरायची राहून गेली होती. झरा पटांगणाच्या मध्यावर, खाली, चॅपेलच्या वाटेवरच होता.

मी उठले. गुडघे वाकेनात, म्हणून बसच्या पायऱ्या एकेक करून, दांडा धरून, तिरकं होऊन उतराव्या लागल्या.

डेल्सी दारात आली. “कुठे चाललीस? प्रिस्का! तिच्यासाठी? त्या बाईसाठी?”

“शब्द दिलाय.”

“मी नळाचं भरून देते. तिला काय कळणार आहे?”

“मला कळेल.”

ती दारातच राहिली. फादरांनी हात वर करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक मुलगी नुकतीच गुडघे टेकत होती. तिच्याबरोबरचा तरुण वाकून तिचे बूट उचलत होता. मी त्यांच्या बाजूनं पुढे झाले, बाटलीच्या डोक्यावरचा मुकुट घट्ट आहे ना बघितलं, आणि उतारावरून झऱ्याकडे चालू लागले.